ठाण्याची खाडी अभ्यासक्रमात आणताना

महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले, तेव्हा खुल्या वैकल्पिक विषयांची, म्हणजे सगळे ज्यांना ओपन इलेक्टिव्ह म्हणतात त्यांची, यादी तयार करण्याचे काम प्रत्येक विभागाकडे आले. विद्यार्थ्याने हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा, असा नियम आहे. ठाण्यातील ज्या स्वायत्त महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते, तेथे बहुतेक विभागांनी आपापल्या पहिल्या वर्षाच्या विषयाची सोपी आवृत्ती देऊ केली. विज्ञानाच्या मुलांना बँकिंगची ओळख आणि वाणिज्याच्या मुलांना दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र, अशी ती यादी होती. अशा अभ्यासक्रमांचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु त्यांत विद्यार्थी दुसऱ्या विद्याशाखेत पाहुणा म्हणून बसतो आणि त्याला स्वतःला जे येते त्याची त्या तासाला कोणालाच गरज पडत नाही. इतिहासाचे एक सर, वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम आणि मी अशा तिघांना वेगळा अभ्यासक्रम हवा होता. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आपले व्याजाचे गणित घेऊन त्यात यावे, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आपली मोजमापाची शिस्त आणावी, कला शाखेच्या विद्यार्थ्याने कागदपत्र वाचण्याची सवय आणावी, आणि या तिन्ही गोष्टींवाचून वर्गाचे अडावे, अशी आमची इच्छा होती.

विषय निवडताना आम्ही एकच अट घातली होती: जिच्या अभ्यासाला कोणतीही एक विद्याशाखा पुरी पडणार नाही, अशी एखादी जवळची वस्तू घ्यायची. ठाण्याची खाडी या अटीत नेमकी बसते. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या पश्चिमेला ठाणे व मुंबई आणि पूर्वेला नवी मुंबई आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि खाडीवर पूल झाल्यावर १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला. १९६० च्या दशकापासून पूर्वेच्या बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहत गेला, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, २०१५ मध्ये खाडीचे सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. आमचे अनेक विद्यार्थी रोज ठाणे आणि कळवा यांच्यामधील पुलावरून किंवा ऐरोलीच्या पुलावरून ही खाडी ओलांडून महाविद्यालयात येतात. पहिल्या तासाला आम्ही त्यांना खाडीविषयी ठाऊक असलेले एक वाक्य लिहायला सांगतो, तेव्हा बहुतेकांचे वाक्य वासाविषयी असते. त्या वाक्यापासून सुरुवात करायला आम्हाला कधी अडचण वाटली नाही, कारण ते त्यांचे स्वतःचे निरीक्षण असते.

दोन क्रेडिटच्या अभ्यासक्रमाला ३० तासिका मिळतात. आंतरविद्याशाखीय म्हणून मांडल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत या तासिका सहसा विषयवार वाटल्या जातात. पहिल्या घटकात भूगोल, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात पर्यावरण आणि चौथ्यात अर्थकारण असतो, प्रत्येक घटक त्या त्या विषयाचे शिक्षक शिकवतात आणि घटकांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडलेले असते. म्हणून कोणत्याही घटकाच्या शीर्षकात विषयाचे नाव येऊ द्यायचे नाही आणि प्रत्येक घटक हा एक प्रश्न असेल, असे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले. भरती केव्हा येणार हे कोणाला आणि कसे कळते, खाडीच्या पाण्यात काय आहे, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येथे का येतात आणि खारफुटीची किंमत कोण ठरवतो, असे चार प्रश्न बऱ्याच चर्चेनंतर उरले. चर्चेत गळालेल्या प्रश्नांपैकी काही अधिक आकर्षक होते, पण ज्याचे उत्तर एकाच विषयातून पूर्ण मिळत होते तो प्रश्न आम्ही बाजूला ठेवत गेलो. शिलाहारकालीन ठाण्याविषयीचा एक सुंदर घटक त्यामुळे वगळावा लागला. तो इतिहासाच्या सरांच्या आवडीचा होता, आणि वगळण्याचा आग्रह त्यांनीच धरला.

याच बैठकांत या अभ्यासक्रमाचा खरा कणा हाती आला. एखादे विधान समोर आले की आम्ही तिघे तीन वेगळे प्रश्न विचारतो, हे आमच्या लक्षात येऊ लागले. हे कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहून ठेवले, असे इतिहासाचे सर विचारत. पुन्हा मोजले तर तेवढेच येईल का, असे मॅडम विचारत. आणि हे करताना कशावर पाणी सोडावे लागले, असे मी विचारत असे. प्रत्येक विद्याशाखेची विधान पारखून घेण्याची स्वतःची रीत असते, आणि तीच तिची मुख्य शिकवण असते. सूत्रे आणि सनावळ्या पुस्तकात मिळतात. आम्ही हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांच्या क्षेत्रवहीतले, म्हणजे पाहणीच्या नोंदवहीतले, तीन स्तंभ म्हणून कायम केले. वहीत लिहिलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे तिन्ही स्तंभ भरायचे, आणि एखाद्या स्तंभात लिहिण्यासारखे काही नसेल तर तसे स्पष्ट नोंदवायचे, हा नियम सत्राच्या शेवटपर्यंत पाळला गेला.

मंजुरीचा भाग थोडक्यात सांगते, कारण असा अभ्यासक्रम करू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. स्वायत्त महाविद्यालयात प्रत्येक विषयाचे अभ्यासमंडळ असते, त्यात विभागातील शिक्षकांबरोबर बाहेरचे विषयतज्ज्ञ, विद्यापीठाचे प्रतिनिधी, उद्योगक्षेत्रातील सदस्य आणि माजी विद्यार्थी असतात, आणि मंडळाने संमत केलेला अभ्यासक्रम नंतर विद्यापरिषदेपुढे जातो. आमचा अभ्यासक्रम कोणत्याच एका मंडळाचा नव्हता. शिवाय विद्याशाखेच्या नियमाचा पेच होता: तो विज्ञान शाखेत नोंदवला तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घेता येणार नाही आणि कला शाखेत नोंदवला तर कलेच्या विद्यार्थ्यांना, मग ज्या मिश्र वर्गासाठी हा सारा खटाटोप, तोच वर्ग जमणार नाही. यावर तोडगा असा निघाला की एकच अभ्यासक्रम दोन विद्याशाखांत दोन सांकेतिक क्रमांकांनी नोंदवायचा, दोन्ही मंडळांच्या संयुक्त बैठकीत मांडायचा आणि वेळापत्रकात दोन्ही क्रमांकांना एकच तास व एकच वर्गखोली द्यायची. बाहेरच्या एका तज्ज्ञांनी पूर्वज्ञानाची अट काय, असे बैठकीत फार चिकाटीने विचारले. त्यांच्या त्या प्रश्नामुळे, दहावीपर्यंतचे गणित व विज्ञान एवढेच गृहीत धरायचे, त्यापलीकडची प्रत्येक संकल्पना वर्गातच उभी करायची, हे लेखी ठरले आणि पुढे शिकवताना त्याचा आम्हाला फार आधार झाला. अभ्यासक्रम दुसऱ्या सत्रात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल या काळात घ्यावा, अशी विनंतीही आम्ही तेव्हाच केली, कारण रोहित पक्ष्यांचे थवे साधारण नोव्हेंबर ते मे या महिन्यांत खाडीत असतात.

वर्कलोडचा प्रश्न मात्र मंजुरीने सुटत नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित असते, आणि एका तासाला दोन शिक्षक वर्गात असतील तर तो तास एकाच्याच खात्यावर लागतो. अभ्यासक्रम प्रथम घेतला त्या सत्रात आम्ही तिघेही एकमेकांच्या प्रत्येक तासाला विद्यार्थ्यांच्या बाकांवर बसलो, त्यातील बराच वेळ कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. तरीही असा अभ्यासक्रम प्रथम घेताना ही गोष्ट टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. सहकारी आपल्या विषयात कोणत्या शब्दाला किती वजन देतो, हे त्याचा पाठ्यघटक वाचून कळत नाही. मॅडम वर्गात ‘नमुना’ म्हणत तेव्हा त्यांच्या मनात खाडीच्या पाण्याची बाटली असे, आणि माझ्या मनात सर्वेक्षणासाठी निवडलेली माणसे असत. बाटली भरण्याची जागा बदलली की उत्तर बदलते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू असल्याने पुढे नमुना निवडण्यावरचा तास आम्ही दोघींनी मिळून घेतला.

आता भरतीच्या घटकाविषयी सविस्तर लिहिते, कारण या अभ्यासक्रमातील सगळ्यात भरीव अध्यापन तेथे झाले. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा एक हिशेब आहे: तिथीला पाऊणपट करावे, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. कोळीवाड्यातून येणाऱ्या काही विद्यार्थ्यांना हा हिशेब घरातूनच ठाऊक होता, इतरांना तो नवा होता. आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि तिन्ही स्तंभ भरायला सांगितले.

सुरुवात गणिताने झाली. चंद्र आणि सूर्य यांची सापेक्ष स्थिती ३० तिथींनी पूर्ववत होते आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचे २४ तास फिरून पुन्हा जागेवर येते. २४ तासांची १४४० मिनिटे, त्यांना ३० ने भागले तर एका तिथीमागे ४८ मिनिटे येतात. पाऊणपटीच्या हिशेबात मात्र तिथीमागे ४५ मिनिटेच धरली जातात. तीन मिनिटांची ही तूट पौर्णिमेपर्यंत साचत साचत ४५ मिनिटांची होते, म्हणून बारा ऐवजी सव्वाअकरा येतात. हे वाणिज्याच्या एका विद्यार्थिनीने मांडले, आणि मांडताना तिने ‘चक्रवाढ नाही, सरळ आहे’ असे आपल्या विषयाच्या भाषेत सांगितले. पौर्णिमेच्या आसपास मुंबईत दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, हे छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातून सगळ्यांनी पाहिले. तोंडी करता यावा म्हणून हिशेब सोपा ठेवला आहे, यावर वर्गाचे एकमत होऊ लागले होते.

तेथे इतिहासाच्या सरांनी विचारले की हा हिशेब कोणत्या घड्याळाचा आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्याआधी मुंबईची स्थानिक वेळ चालत होती, शहरात ती पुढेही काही दशके पाळली गेली, आणि ती प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. हा हिशेब स्थानिक वेळेचा धरला तर सव्वाअकराचे प्रमाणवेळेत ११ वाजून ५४ मिनिटे होतात. हे ऐकून वर्गात जी खळबळ झाली ती मला आजही महत्त्वाची वाटते, कारण आकडेमोड पूर्ण झाली असे वाटत असताना कोणी, केव्हा हा प्रश्न तिच्या मध्यभागी येऊन उभा राहिला होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इतिहासाची गरज असते, हे आम्हाला सांगावे लागले नाही.

पण मॅडमनी तेथे थांबू दिले नाही. एका तिथीला आकडा जुळला म्हणून नियम सिद्ध होत नाही, महिनाभराच्या सगळ्या तिथी घेऊन पाहा, असे त्यांनी सांगितले. गटागटाने तक्ते तयार झाले आणि आलेखावर ठिपके मांडले गेले. तेव्हा दिसले की भरती रोज सारख्याच मिनिटांनी पुढे सरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेजवळच्या उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत ती कमी सरकते आणि अष्टमीजवळच्या भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत जास्त, त्यामुळे कोणताही एकच मिनिटांचा आकडा सगळ्या तिथींना लागू पडू शकत नाही. शिवाय तक्ता मुंबईतील अपोलो बंदरचा असतो आणि खाडीच्या मुखापासून ठाण्यापर्यंत भरती चढायला वेळ लागतो. एका गटाने यावरून विचारले की मग बोटीवर जाणाऱ्याला पाऊण-एक तासाचा फरक चालतो का. हा माझ्या स्तंभातला प्रश्न होता: अचूकतेची किंमत किती आणि ती कोणाला द्यावी लागते. तिथी आकाशाकडे किंवा पंचांगाकडे पाहून कळत असे, हिशेब तोंडी होत असे आणि बोट भरतीच्या थोडी आधी पाण्यात ढकलायची असे, अशा ठिकाणी या हिशेबाची अचूकता पुरेशी होती. आम्ही तिघांनी मिळून सोडवलेला हा पहिला प्रश्न होता, आणि घटकाला ठरवल्यापेक्षा बऱ्याच अधिक तासिका लागल्या तरी कोणीही घाई केली नाही.

पाण्याच्या घटकासाठी कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळा साहाय्यकांनी प्रथम शंका व्यक्त केली होती, आणि ती रास्त होती. त्यांनीच मग काचसामान कसे धरायचे याचे एक प्रात्यक्षिक घेतले. विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी विंकलरची पद्धत आम्ही मुद्दाम निवडली. मीटर पाण्यात बुडवून आकडा वाचणे सोपे झाले असते, पण त्यात आकडा कोठून आला हे दिसत नाही. विंकलरच्या पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड टाकल्यावर अवक्षेप पांढरा राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही आणि तपकिरी झाला तर आहे, हे डोळ्यांनी कळते, आणि नंतरच्या अनुमापनातून, म्हणजे ठरावीक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून, तो किती ते ठरते. भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी भरलेल्या बाटल्यांतील फरक पाहिल्यावर पहिल्या दिवशीच्या वासाच्या वाक्यापुढचे रिकामे स्तंभ अनेकांनी आपणहून भरले. मराठी साहित्याच्या एका विद्यार्थ्याने बाटली भरण्याची वेळ, जागा, वारा आणि पुलापासूनचे अंतर इतक्या नेमक्या शब्दांत नोंदवले होते की ती नोंद आम्ही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवली.

पक्ष्यांच्या घटकात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला भेट आणि तेथील बोटीतून फेरी होती. बोटीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे आधीच्या घटकातील हिशेब येथे कामाला आला. लहान रोहित प्रामुख्याने नील-हरित शैवालावर जगतात आणि त्यांचा गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो, हे विद्यार्थ्यांना लवकर समजते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवाल वाढले आणि म्हणून पक्षी वाढले, हे स्पष्टीकरणही त्यांनी ऐकलेले असते. या स्पष्टीकरणाला पुरावा कोणता लागेल, यावर आम्ही तासिका खर्च केल्या. त्यासाठी पोषकद्रव्यांची आणि पक्ष्यांची जुनी व नवी मोजदाद हवी, अन्य खाड्यांशी तुलना हवी, कच्छच्या रणातील प्रजननाची त्या वर्षाची स्थिती हवी, असे एकेक करून फळ्यावर येत गेले. मोजदाद म्हणजे काय हे कळावे म्हणून थव्याचे एक छायाचित्र पडद्यावर थोडा वेळ दाखवले आणि प्रत्येकाने अंदाज लिहिला. अंदाजांत अनेक पटींचा फरक होता. मग तेच छायाचित्र चौकटींत विभागून, एका चौकटीतील पक्षी मोजून पुन्हा अंदाज घेतला, तेव्हा आकडे बरेच जवळ आले. सरासरी आणि प्रमाण विचलन या संकल्पना मी अनेक वर्षे काल्पनिक आकड्यांवर शिकवत आले आहे. येथे त्या शिकवण्याआधीच विद्यार्थ्यांनी मागितल्या.

खारफुटीच्या घटकाची जबाबदारी माझ्याकडे होती. किनारी नियमन क्षेत्राची १९९१, २०११ आणि २०१९ ची अधिसूचना, खारफुटीच्या तोडीवर आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंदी घालणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि खारफुटीचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवणारा २०१८ चा निकाल, एवढे कायद्याचे वाचन आम्ही ठेवले होते. त्याच्या जोडीला मी एक साधे गणित दिले. ५० वर्षांनंतर मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ८ टक्के दराने सुमारे २ रुपये १३ पैसे होते आणि २ टक्के दराने सुमारे ३७ रुपये १५ पैसे. म्हणजे दर जितका जास्त धरावा, तितका पुढे मिळणारा लाभ आज क्षुल्लक ठरतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे सूत्र पाठ होते, पण या सूत्राने एखाद्या तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, जंगलाचा निकाल लागू शकतो, हे त्यांनी प्रथमच पाहिले. विज्ञानाचे विद्यार्थी अस्वस्थ झाले आणि दर ठरवणारा कोण, असे विचारू लागले. तो प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे आणि त्यावर गंभीर मतभेद आहेत. मी दोन्ही बाजू मांडल्या आणि माझे मतही सांगितले: पुढच्या पिढीच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टींना बाजारातील व्याजाचा दर लावणे मला न्याय्य वाटत नाही. शिक्षकाने मत लपवावे असे मला वाटत नाही, परंतु मताच्या पुढचे तीन स्तंभही त्याने भरले पाहिजेत, आणि विद्यार्थ्यांनी माझ्याकडून ते भरून घेतले.

या घटकात एका कोळीवाड्यातील ज्येष्ठ मच्छीमारांना आम्ही व्याख्यानासाठी बोलावले. मानधनाच्या अर्जात पदवी आणि पदनाम यांचे रकाने होते. ते बदलून ‘अनुभवाचे क्षेत्र व कालावधी’ असा रकाना घालून घेण्यासाठी थोडा पाठपुरावा करावा लागला, आणि आता तो अर्ज सगळ्याच विभागांना वापरता येतो. ‘काका, जिताडा आता खाडीत मिळतो का?’ या प्रश्नावर त्यांनी थेट उत्तर न देता आधी कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जाळ्याने, असे उलट विचारले. वर्गाने ते लगेच ओळखले. मॅडमचा स्तंभ त्यांनी आपल्या अनुभवातून आधीच भरून ठेवला होता.

मूल्यमापनाचे ५० गुण अंतर्गत २० आणि सत्रान्त ३० असे विभागले होते. प्रश्नपत्रिकेत पाठांतरावर उत्तर देता येईल असे प्रश्न ठेवायचे नाहीत, हे ठरलेले असले तरी मिश्र वर्गासाठी प्रश्न काढणे फार अवघड गेले, कारण कोणत्याही एका शाखेला तो प्रश्न फुकट मिळता कामा नये. अखेरीस आम्ही प्रत्येक प्रश्नात दोन वेगळ्या जातीचे साहित्य देऊ लागलो. उदाहरणार्थ, १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधील (ब्रिटिश सरकारने छापलेल्या माहितीग्रंथातील) मिठागरांविषयीचा उतारा आणि त्याच्याबरोबर पाण्याच्या क्षारतेच्या आकड्यांचा तक्ता देऊन, उताऱ्यातील कोणते विधान या आकड्यांवरून तपासता येईल आणि कोणते येणार नाही, हे लिहायला सांगितले. उत्तरपत्रिका दोन भिन्न विषयांच्या शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासल्या. गुणांत फरक आला तेथे आम्ही एकत्र बसून कारण शोधले, आणि बहुतेक वेळा ते एकाने चांगल्या मांडणीला आणि दुसऱ्याने चांगल्या पुराव्याला गुण दिले असल्याचे निघाले. त्यातून गुणदानाची लेखी कसोटी तयार झाली: विधान, पुरावा आणि पुराव्याची मर्यादा या तिन्हींना सारखे गुण.

उत्तरे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा होती. मराठीतून लिहिणाऱ्यांनी खारफुटीसाठी तिवर, चिप्पी, कांदळ आणि चिखलातल्या माशासाठी निवटी ही घरात आणि किनाऱ्यावर वापरली जाणारी नावे सहज लिहिली, आणि त्यांच्यापुढे शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिण्याची अट मॅडमनी घातली. गॅझेटिअरचे जुने इंग्रजी मात्र अनेकांना फार जड गेले. इतिहासाच्या सरांनी त्यासाठी निवडक उताऱ्यांचे वर्गात सामूहिक वाचन घेतले, एकेका वाक्यावर थांबून, आणि तेवढा वेळ कमी पडला असेच मी म्हणेन.

पुढील वर्षासाठीचे बदल आता संयुक्त बैठकीपुढे ठेवले आहेत. क्षेत्रवहीचे गुण अंतर्गत गुणांपैकी १० ऐवजी १५ करावेत, भरतीच्या घटकाला अधिकृतपणे दहा तासिका द्याव्यात, कायद्याच्या वाचनातून २०११ ची अधिसूचना वगळून तिचा एका परिच्छेदात उल्लेख ठेवावा आणि प्रयोगशाळेतील काम जोडतासिकेत घ्यावे, असे ते आहेत. एका तासाला दोन शिक्षक असतील तर दोघांच्याही खात्यावर निदान अर्धा तास धरावा, हा प्रस्ताव आम्ही स्वतंत्रपणे प्राचार्यांकडे दिला आहे. भौतिकशास्त्र आणि लेखाशास्त्र विभागांतील दोन सहकाऱ्यांनी आगगाडी व शहर या विषयावर अशाच रीतीचा अभ्यासक्रम करण्याची तयारी दाखवली असून इतिहासाचे सर त्यातही आहेत. क्षेत्रवहीचे तीन स्तंभ त्यांनी घेतले आहेत, चौथा स्तंभ हवा की नको यावर त्यांची चर्चा चालू आहे, आणि भौतिकशास्त्राच्या सरांनी येत्या सत्रात आमच्या भरतीच्या सर्व तासांना बसण्यासाठी आपले वेळापत्रक बदलून घेतले आहे.